आधी एबी फॉर्मचं बोला

धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. साल २०२५. सकाळचे साडेनऊ. आक्का भाच्याच्या मोटरसायकलवर मागं बसल्यात. पिशवीत भाकरीचा डबा, एक जुनं रजिस्टर आणि पक्षाचं उपरणं. गळ्यात नाही, पिशवीतच.

"गावात सगळ्याच पार्टीच्या घरी जावं लागतंय. तालुक्याला गेल्यावर घालू."

आक्का चाळिशी उलटल्यावर राजकारणात आल्या, असं गाव म्हणतं. ते अर्धंच खरं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा त्या विशीत होत्या. त्यांच्या गावातली घरं पडली नव्हती, तडकली होती. दुरुस्तीचा कार्यक्रम आला आणि सरकारनं गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या. कुणाच्या भिंतीला भेग, कुणाचा हप्ता अडकला, इंजिनिअर कधी येणार, सगळं वहीत लिहायचं आणि बैठकीत उभं राहून विचारायचं. वहीची सवय तिथली.

मग बचत गट. २०११ मध्ये पंचायतींत महिलांना निम्म्या जागा राखीव झाल्या, पुढच्या सोडतीत सरपंचपद महिलेला सुटलं. पहिल्याच दिवशी ऑफिसात त्यांच्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची मांडलेली होती, मालकांसाठी. आक्का काही बोलल्या नाहीत. तिच्यावर फायली ठेवल्या. पाच वर्षं तिथं फायलीच होत्या.

पण ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, जिल्हा परिषद होते. तिथं एबी फॉर्म लागतो, उमेदवारी देणारा पक्षाच्या सहीचा कागद. २०१७ ला जिल्हा परिषदेचा इथला गट, म्हणजे मतदारसंघ, महिलेसाठी राखीव झाला. आक्का तहसीलबाहेर अर्ज भरून बसल्या. फॉर्म गेला एका पुढाऱ्याच्या सुनेला. गटात गावं किती, हे त्या सूनबाईंना कुणीतरी गाडीत सांगितलं म्हणे.

आक्कांना मिळालं महिला आघाडीचं तालुकाध्यक्षपद. म्हणजे सभेला टेम्पोभर बाया आणायच्या. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसला, निवडणूक लांबत गेली. आक्का टेम्पो भरत राहिल्या. आणि रजिस्टरही.

आज पक्षाच्या कार्यालयात बैठक आहे. मतदान ऐन थंडीत लागलं तर गावं निम्मी रिकामी असणार. कोण पुण्याला, कोण उसाच्या फडावर, कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण? पुरुषमंडळी एकमेकांकडं बघतात. आक्का रजिस्टर उघडून वाचायला लागतात. गावामागून गाव, फोन नंबरासकट.

तालुकाध्यक्ष हात पुढं करतात. "बघू द्या हो, आक्का."

आक्का रजिस्टर मिटून पिशवीत घालतात.

"आधी एबी फॉर्मचं बोला."