घर नीट बघा, मग पिक्चर कळतो

नमस्कार मंडळी. आज आपण जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग इकडच्या पिक्चर्सबद्दल बोलूया, पण मारामारीचे नाहीत, भुताखेतांचे नाहीत आणि तलवारीचे तर नाहीतच. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ मला प्रचंड आवडतो, १९५४ चा आहे आणि आजही एकदा लावला की उठवत नाही, पण त्याच्यावर इतकं बोलून झालंय की आज तो राहू दे. आज घरातले पिक्चर. म्हणजे घरातली माणसं आहेत, जेवतात, पाहुणे येतात, कुणीतरी आजारी पडतं, कुणीतरी रुसतं, एवढंच. आणि माझं म्हणणं असं आहे की हे पिक्चर बघताना माणसांकडे बघतो तेवढंच त्या घराकडे बघायला पाहिजे, कोणाला कुठली खोली दिलीय, कोण आत येऊन बसलंय, कोण दारातच उभं आहे, कॅमेरा कुठून बघतोय, कारण निम्मी गोष्ट तिथेच सांगून झालेली असते.

सुरुवात अर्थातच जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूपासून. ‘टोकियो स्टोरी’, १९५३. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातलं एक म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे येतं. मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्युटी पार्लर, मधला मुलगा युद्धात गेला, त्याची बायको नोरिको एकटी राहते आणि नोकरी करते. मुलांना आईवडिलांसाठी वेळ नाही. गोष्ट एवढीच, आणि ती ऐकून बरेच जण म्हणतात की हे तर आपण शंभर वेळा बघितलंय, मुलं वाईट आणि म्हातारे बिचारे. थांबा, तसं नाहीये ते.

डॉक्टर मुलाच्या घरी काय होतं बघा, आजीआजोबांना जागा व्हावी म्हणून नातवाचं टेबल पॅसेजमध्ये हलवलेलं असतं आणि तो शाळेतून येऊन आदळआपट करतो की मी अभ्यास कुठे करू. पोराचंही काही चुकत नाही! घरच तेवढं आहे. मुलीकडे खालच्या मजल्यावर पार्लर, आईवडील वरच्या खोलीत, जावई बिचारा त्यांच्यासाठी चांगला महागाचा खाऊ आणतो तर मुलगी म्हणते एवढं कशाला, साधं काहीतरी चाललं असतं. मग भावंडं वर्गणी काढतात आणि दोघांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात, स्वस्तातल्या लॉजमध्ये, तिथे रात्रभर बाजूच्या खोल्यांत माजाँग म्हणजे सोंगट्यांचा खेळ आणि गाणी, झोपेचं खोबरं. आणि नोरिको, जिची फक्त एक खोली आहे, जिचं खरं तर आता काही नातंही उरलं नाही असं कुणी म्हणू शकेल, ती शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, उसनी आणते, प्याला पण तिच्याकडूनच, आणि सासऱ्यांपुढे ठेवते. सगळ्यात लहान घर, आणि म्हाताऱ्यांना मोकळं बसायला तिथेच मिळतं. यावर ओझू एक वाक्यही बोलत नाही, फक्त ती खोली दाखवतो, नवऱ्याचा फोटो दाखवतो.

त्याचा कॅमेरा खाली असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खालीच, आणि जवळपास हलतच नाही. त्यामुळे कोणी उठलं की आपल्याला ते जाणवतं, कोणी दारातून आत आलं की आपण मान वर करून बघतोय असं वाटतं. आपण त्या घरात बसलोय! हे ज्यांना स्लो वाटतं त्यांना मी एकच सांगते, आईच्या आजारपणाची तार येते त्यानंतर भाऊबहीण सामान भरताना काय बोलतात ते ऐका. मुलगी सुतकाचे कपडे बरोबर घ्यायचं ठरवते. किती भयंकर आणि किती व्यवहारी, दोन्ही एकदम. आणि अंत्यसंस्कार होऊन जरा वेळ होत नाही तर आईचा कुठला किमोनो मला हवा ते सांगून टाकते. मला ती मुलगी, शिगे, दुष्ट वाटत नाही हं. दिवसभर उभं राहून पार्लर चालवणारी बाई आहे, तिच्या डोक्यात पुढचं काम असतं, आणि ओझूनेही तिला खलनायिका केलेलं नाही. सेत्सुको हाराच्या नोरिकोवर सगळे फिदा असतात, मीही आहे, पण हा पिक्चर उभा राहतो तो शिगेमुळे. चिशू ऱ्यू हे त्यातले सत्तरीचे आजोबा झालेत, तेव्हा ते स्वतः पन्नाशीचेही नव्हते, ते चालणं आणि ते बसणं बघा. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना विचारलं तेव्हा त्यांनी हाच पिक्चर पहिल्या नंबरवर ठेवला होता.

आता ५५ वर्षं पुढे. जपानी दिग्दर्शक कोरे-एदाचा ‘स्टिल वॉकिंग’, २००८. लोक त्याला ओझूचा वारसदार म्हणतात, स्वतः कोरे-एदा मात्र म्हणतो की मला नारुसे, म्हणजे ओझूच्याच काळातला दुसरा दिग्दर्शक, जास्त जवळचा, आणि मला ते पटतं, कारण या पिक्चरमध्ये ओझूपेक्षा कडूपणा बराच जास्त आहे. स्वतःची आई गेल्यावर कोरे-एदाने हा केला. मोठा मुलगा एका पोराला बुडताना वाचवायला गेला आणि स्वतः गेला, त्याला बरीच वर्षं झाली, त्याच्या वर्षश्राद्धाला सगळे जमतात, एक दिवस आणि एक रात्र, एवढाच पिक्चर. सुरुवातच मुळा-गाजर खरवडण्याच्या आवाजाने होते, मायलेकी स्वयंपाकघरात. मग आई कणसाचे दाणे काढते, पिठात घालून तळते, तेल तडतडतं, आणि तो आवाज ऐकून आपापल्या कोपऱ्यातले सगळे हळूहळू तिथे येतात. वडील निवृत्त डॉक्टर, दिवसभर आपल्या दवाखान्याच्या खोलीत दार लावून बसणार, पेशंट कोणी येत नाहीत तरी. आणि त्यांची तक्रार काय, तर नातवंडं या घराला आजीचं घर म्हणतात, अरे राबून बांधलं मी, आणि आजीचं कसं झालं! हसू येतं, पण त्या म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य त्या तक्रारीत आहे.

पण खरी गोष्ट आईची. किरिन किकीने जे काम केलंय ना त्याला माझ्याकडे शब्द कमी पडतात. ज्या मुलाला वाचवताना आपला पोरगा गेला त्याला ही बाई दरवर्षी त्या दिवशी घरी बोलावते. तो आता मोठा झालाय, जाड झालाय, घाम पुसत बसतो, माफी मागतो, निघून जातो. रात्री धाकटा मुलगा म्हणतो, आई पुरे कर आता, त्याला नको बोलावू, त्याचे हाल होतात. आणि ती क्रोशाचं विणकाम करता करता शांतपणे सांगते की म्हणूनच तर बोलावते, वर्षातून एक दिवस त्यालाही त्रास झाला तर काय बिघडलं. सुई थांबत नाही तिची! दुपारी कणसाची भजी तळून सगळ्यांना आग्रहाने वाढणारी तीच ही आई. एवढी खरी आई मी पडद्यावर फार कमी वेळा बघितलीय.

हाँगकाँगचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ सगळ्यांना माहीत असतो, वाँग कार-वायचा, २००० चा, त्यामुळे थोडक्यात सांगते. लोक मॅगी चुंगच्या कपड्यांबद्दल आणि त्या व्हायोलिनबद्दल बोलतात, ठीक आहे, आहेच ते सुंदर, पण १९६२ चं हाँगकाँग, भाड्याच्या खोल्या, घरमालकीण, अरुंद पॅसेज, आपल्या चाळीसारखं सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष, हे नसतं तर ती प्रेमकथा दहा मिनिटांत संपली असती. घरमालक अचानक येऊन माजाँग मांडतात आणि नायिका शेजारच्या नायकाच्या खोलीत अडकते, बाहेर पडायची सोय नाही, काही केलेलं नसताना. जागा नसणं हेच त्या प्रेमाचं दुखणं आहे.

आणि कोरियाचा ‘पॅरासाइट’, एका श्रीमंत घरात कामाला शिरलेल्या गरीब कुटुंबाचा. २०१९ ला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पुढच्या वर्षी चार ऑस्कर, इंग्रजी नसलेल्या पिक्चरला पहिल्यांदाच बेस्ट पिक्चर. श्रीमंतांचं ते घर कुठे बाहेर नाहीये, सगळा सेट आहे, आणि गरिबांची ती गल्लीसुद्धा पाण्याच्या टाकीत उभारलेली, म्हणून तो पूर तसा दाखवता आला. वर-खाली, जिना, तळघर, बाँग जून-होने हे कुठून घेतलं ते तो लपवत नाही, किम की-यंगचा १९६० चा ‘द हाउसमेड’, त्यातही दुमजली घर आणि जिना, तो जरूर बघा, आजही अंगावर येतो. पावसात ते गरीब कुटुंब आपल्या घराकडे पळतं तेव्हा किती पायऱ्या उतरतं, उतरतच राहतं, आणि खाली घरात पाणी शिरलेलं, पोरगी सगळ्यात उंच जागेवर म्हणजे कमोडवर बसून सिगारेट ओढते, हा सीन मी विसरू शकत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलच्या पावसात अशाच अर्ध्या जमिनीखालच्या घरात खरोखर माणसं बुडून मेली. माझी एक तक्रार मात्र आहे, ते श्रीमंत कुटुंब जरा पातळ लिहिलंय, शिगेसारखं एकही माणूस त्यांच्यात नाही.

शेवटी माझा सगळ्यात लाडका, तैवानचा ‘यी यी’, एडवर्ड यांग, २०००, कानला दिग्दर्शनाचं बक्षीस. तैपेईतलं फ्लॅटमधलं कुटुंब. आजी कोमात जाते, डॉक्टर सांगतात तिच्याशी रोज बोला, आणि मुलगी-जावई-नात एकेक करून तिच्या पलंगाशी बसतात तेव्हा त्यांना कळतं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाहीये. आजीची मुलगी रडते, म्हणते मी रोज तेच सांगते, सकाळी हे केलं, दुपारी ते केलं, एका मिनिटात संपतं, एवढंच कसं काय माझं आयुष्य. बरेच सीन काचेतून दिसतात, आत माणसं आणि काचेवर बाहेरच्या शहराचे दिवे, दोन्ही एकाच वेळी. आणि तो आठ वर्षांचा यांग-यांग, कॅमेरा घेऊन लोकांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढतो, कारण ती बाजू त्यांना स्वतःला दिसत नाही, म्हणून मी दाखवतो म्हणे. मामाला असा फोटो नेऊन देतो!

जवळपास तीन तासांचा आहे, घाबरू नका. रविवारी जेवणं उरकून बसा, फास्ट करून बघू नका, आणि हे सगळेच पिक्चर मूळ भाषेत सबटायटल्स लावून बघा, डब केलेले नकोत. नवीन बघणाऱ्यांनी ‘पॅरासाइट’ आधी बघितला तरी चालेल, पण ‘स्टिल वॉकिंग’ मात्र ‘टोकियो स्टोरी’च्या नंतरच, शक्यतो त्याच आठवड्यात. आणि ती आई तुम्हाला क्रूर वाटली की नाही ते आम्हाला नक्की कळवा, आमच्या घरात यावर अजून एकमत झालेलं नाही.