गोळी घेऊनही रक्त वाढत नाही तेव्हा

(आरोग्य व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी तुमच्याकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधीच मागवून घेतल्या, हे फार बरं केलं. बऱ्याच चिठ्ठ्यांचा सूर एकच आहे. एक वाचून दाखवते : "तीन वर्षं अधूनमधून लोहाच्या गोळ्या घेते आहे. हिमोग्लोबिन साडेनऊ-दहाच्या वर जात नाही. जिना चढताना धाप लागते, केस मूठभर गळतात, दुपारी गळून गेल्यासारखं होतं. बीट, खजूर, डाळिंब सगळं चालू आहे. आणखी काय खाऊ?"

या ताईंनी आणखी काय खायचं ते विचारलं आहे. त्यांनी डॉक्टरांकडे परत जाऊन वेगळंच विचारावं, असं मला वाटतं. इतकं लोह पोटात गेलं, मग ते जातंय कुठे? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. गोळी लागू पडत नाही, ही स्वतःच एक महत्त्वाची माहिती असते. ती मिळाल्यावर गोळीचा नुसता ब्रँड बदलत राहिलं, तर वर्षं वाया जातात.

आपल्याकडे या दुखण्याची इतकी सवय झाली आहे की ते दुखणं वाटतच नाही. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे या सभागृहातल्या दर दुसऱ्या बाईला. त्यातला प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो, पण मोठा वाटा तिचाच. "बायकांचं थोडं कमी असतंच" हे वाक्य मी घरात ऐकते, बसमध्ये ऐकते, आणि दुर्दैवाने दवाखान्यातही ऐकते. नसतं हो कमी. निरोगी, गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असायला हवं. गरोदरपणात ११, पुरुषात १३. दहा असेल तर ते कमीच आहे, आणि त्याला काहीतरी कारण आहे.

आणखी एक. हिमोग्लोबिन घसरतं ते बरंच शेवटी. त्याआधी शरीरातला साठा संपत आलेला असतो, आणि तो कळतो फेरिटिन नावाच्या तपासणीतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढ माणसात फेरिटिन १५ च्या खाली गेलं म्हणजे साठा संपला. प्रत्यक्षात ३० च्या खाली असेल तरी बरेच डॉक्टर ते कमीच धरतात. माझ्याकडे एक कॉलेजातली मुलगी आली होती. हिमोग्लोबिन १२.३, रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही, त्यामुळे घरच्यांच्या मते ही आळशी. आई सहज बोलून गेली, "हिच्या दप्तरात अजून पाटीवरच्या पेन्सिली सापडतात हो." मुलगी मान खाली घालून बसली. पेन्सिल, भाजकी माती, खडू, कच्चे तांदूळ, सारखा बर्फ खावासा वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी, पक्की खूण आहे. त्यासाठी कुणाला ओरडू नका. तिचं फेरिटिन निघालं ६. रात्री अंथरुणावर पडल्यावर पाय ओढतात, हलवत राहिल्याशिवाय चैन पडत नाही, ही तक्रारही तिला होती. तीसुद्धा लोहाच्या कमतरतेत पुष्कळदा दिसते. तेव्हा सीबीसी, म्हणजे नेहमीची रक्तपेशींची तपासणी, नॉर्मल आली आणि त्रास मात्र तसाच असला, तर फेरिटिन करून घेऊ का, असं विचारा. ताप किंवा कुठे सूज असताना ते करू नका. अशा वेळी फेरिटिन खोटंच चढतं आणि कमतरता झाकली जाते.

आता गोळीकडे वळू. कारणं शोधण्याआधी गोळी खरोखर पोटात जाते का, आणि कशी जाते, ते बघावं लागतं. मळमळ होते, पोट साफ होत नाही, म्हणून आठवड्याभरात बंद केलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या घरोघरी आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना ते सांगा. मात्रा कमी करता येते, प्रकार बदलता येतो. चहाबरोबर गोळी घेतली तर लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. कॉफीचंही तसंच. दूध आणि कॅल्शियमची गोळीही आड येते. शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि पुढे तास-दीड तास चहा नको. आपल्याकडे सकाळी उठल्याउठल्या चहा लागतो, म्हणून मी पुष्कळ जणींना संध्याकाळी जेवणाआधीची वेळ देते.

आणि जास्त गोळ्या घेतल्या म्हणून जास्त रक्त होत नाही. आपलं यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की ते वाढतं आणि जवळजवळ दिवसभर आतड्यातून रक्तात जाणारं लोह अडवून धरतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर अभ्यास केला. रोज गोळी घेणाऱ्यांपेक्षा दिवसाआड घेणाऱ्यांच्या अंगी तेवढ्याच गोळ्यांतून जास्त लोह लागलं. म्हणून हल्ली बऱ्याच जणींना आम्ही दिवसाआड एक गोळी देतो, मळमळही कमी होते. गरोदर बायकांनी मात्र हे मनाने करू नये. त्यांची गोळी रोजची असते.

बीट-डाळिंबाबद्दल थोडक्यात बोलते, कारण लोकांचा त्यावर फार जीव आहे. रंग लाल आहे म्हणून त्यात लोह आहे असं नसतं. शंभर ग्रॅम बिटात जेमतेम एक मिलिग्रॅमही नसतं, डाळिंबात त्याहून कमी. हळीव, डाळी, मटकी, पालेभाज्या आणि वर लिंबू पिळलेलं जेवण चांगलं. मांसाहार करणाऱ्यांना कलेजीतून लोह मिळतं, ते शोषलंही चांगलं जातं. हे सगळं जरूर खा. पण रिकामा झालेला साठा नुसत्या खाण्याने भरत नाही.

नियमित, नीट घेतलेल्या गोळीने महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं, तर लगेच कारण शोधायला लागायचं. तीन वर्षं वाट बघायची नाही.

पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये पहिला संशय पाळीवरच घ्यावा. हिशोब सोपा आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याला सव्वाशे मिलिलिटर रक्त जात असेल, तर साठ मिलिग्रॅम लोह गेलं, म्हणजे दिवसाला दोन. त्वचा, आतडी यांतून रोज एखादा मिलिग्रॅम जातो तो वेगळा. आपल्या वरण-भात-भाजी-पोळीतून अंगी लागतं रोज एक-दीड मिलिग्रॅम, फार तर दोन. खर्च तीन आणि जमा दीड, असा हिशोब वर्षानुवर्षं चालला तर काय होणार?

अडचण अशी, की स्वतःची पाळी जास्त आहे हे बाईला कळतच नाही. आईची तशीच, बहिणीची तशीच, म्हणून तीच रीत वाटते. तास-दोन तासांत पॅड भिजतं का, रात्री उठून बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या वर अंगावरून जातं का, बाहेर जाताना काळाच कपडा घालावा लागतो का, हे मी विचारते. शेवटच्या प्रश्नाला फार जणी चटकन हो म्हणतात. यांतलं एखादं जरी असलं, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या गाठी दिसतात, थायरॉइडची तपासणी करावी लागते. वयात आल्यापासूनच फार जात असेल, दात काढल्यावरही रक्त थांबायला वेळ लागला असेल, तर रक्त गोठण्याचा आजारही बघावा लागतो.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जास्त जातंय म्हणून लगेच "पिशवी काढून टाका" असं कुणी सांगितलं, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, आणि त्यातल्या कितीतरी तरुण होत्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनची औषधं आहेत, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी बसवण्याची वस्तू आहे. काहींना शस्त्रक्रिया लागतेच, पण आधी हे पर्याय समजून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे, त्याने कुणाचा अपमान होत नाही.

पाळी बंद झालेली बाई आणि कोणत्याही वयाचा पुरुष, यांच्यात लोह कमी निघालं तर मात्र रक्त पोटातून किंवा आतड्यातून जातंय का ते तपासायलाच हवं. मी पेशंटना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगते. साठीच्या जवळ आलेल्या एका आजींनी अशी पिशवी टेबलावर ओतली. लोहाच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या, कॅल्शियम, पित्ताची गोळी आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली पेनकिलर. ती त्या वर्षानुवर्षं घेत होत्या. शौचाला काळं होतं का विचारलं तर म्हणाल्या, "हो, पण ते गोळीमुळेच होतं म्हणे." लोहाच्या गोळीने काळपट होतं हे खरं. पण डांबरासारखं चिकट, घाण वास मारणारं काळं असलं, तर ते पचलेलं रक्त असू शकतं. आजींची एन्डोस्कोपी केली. पेनकिलरमुळे जठरात व्रण झाला होता आणि तिथून थोडं थोडं रक्त जात होतं. पेनकिलर बंद केली, व्रणावर उपचार केले, आणि त्याच जुन्या लोहाच्या गोळीने हिमोग्लोबिन चढायला लागलं.

मूळव्याध आहे म्हणून रक्त जातंय, असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका. मूळव्याधीच्या आड आतड्याचा कॅन्सर लपलेला आम्ही पाहतो. कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची, भीती वाटते, समजू शकते मी. पण वेळेवर सापडलेला आतड्याचा कॅन्सर बरा होऊ शकतो.

काही वेळा रक्त कुठेच जात नसतं, लोह शोषलंच जात नसतं. जठरातला एच. पायलोरी जंतू, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार, वर्षानुवर्षं घेतलेली पित्ताची गोळी, जठराची झालेली शस्त्रक्रिया, ही त्याची कारणं. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांचं मात्र रक्तच जात असू शकतं : त्यांना हुकवर्म जंत होतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात.

आणि कधी निदानच वेगळं असतं. थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन जन्मभर थोडं कमी राहतं, रक्तपेशी लहान दिसतात, आणि त्याला उगाच वर्षानुवर्षं लोह दिलं जातं. फेरिटिन चांगलं असूनही रक्त कमी असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी तपासणी विचारा. विदर्भात, नंदुरबार-पालघरकडे सिकलसेल हा रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजारही लक्षात ठेवावा लागतो. शाकाहारी मंडळींत बी-१२ ची कमतरता सोबतीला असते, ती भरल्याशिवाय नुसत्या लोहाने काम भागत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराचंही तसंच. म्हणूनच तपासणी न करता मनाने लोह घेत राहू नका. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गोड लाल गोळी समजून मुलांनी मूठभर खाल्ली तर जीवावर बेततं.

गोळी सोसत नाही, शोषली जात नाही, किंवा रक्त इतकं जातंय की गोळी पुरी पडत नाही, तेव्हा सलाइनमधून लोह देता येतं. काही औषधांना चार-पाच बैठका लागतात, काहींमध्ये एका वेळी हजार मिलिग्रॅम देता येतं. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं, कारण क्वचित ॲलर्जी येते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. आणि त्याने लोह भरलं तरी गळती शोधायची राहतेच.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : कोणत्या महिन्यात हिमोग्लोबिन किती होतं, कोणती गोळी किती दिवस घेतली, किती चुकली, पाळीत किती पॅड लागले. जुने रिपोर्ट तारखेने लावा. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात हा कागद तुमच्यासाठी बोलतो. मग सरळ म्हणा, "डॉक्टर, महिनाभर नीट गोळी घेतली, एवढंच वाढलं. कारण शोधायला कोणती तपासणी करू?" उत्तर म्हणून फक्त नवी गोळी मिळाली, तर फिजिशियनला किंवा रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. ताईंबरोबर आलेल्या भावांना, नवऱ्यांना सांगते, अशा वेळी तुम्हीही सोबत जा. घरातलं माणूस बाजूला बसलं की तक्रार जास्त मनावर घेतली जाते, हे काही बरोबर नाही, पण तसं घडतं.

बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, रक्त थांबत नसेल किंवा शौच डांबरासारखं होत असेल, तर कागदबिगद नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी सोडायची घाई असते सगळ्यांना. साठा भरायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात. मग फेरिटिन करा, आणि पुढचं वर्षभर दर तीन महिन्यांनी एकदा सीबीसी. परत घसरलं, तर गळती अजून चालू आहे असं धरा आणि तोच कागद घेऊन पुन्हा जा. आता तुमच्या उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ.