इंग्रजी तयार होतं, तरी गेम आला नाही

जून 2011. अमेरिकेतल्या ॲमेझॉनवर गेम्सच्या यादीत एक नाव थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसलं: 'मोनाडो: बिगिनिंग ऑफ द वर्ल्ड'. गंमत अशी, की या नावाचा गेम बाजारात येणारच नव्हता. 2009 च्या ई-थ्री या गेम्सच्या प्रदर्शनात निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने त्याची झलक दाखवली, तेव्हाचं हे पान तसंच राहून गेलं होतं. पुढे गेमचं नाव बदललं आणि 10 जून 2010 ला 'झेनोब्लेड' म्हणून तो जपानात विक्रीला आलासुद्धा. अमेरिकेबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून चाहत्यांनी ठरवून त्या जुन्या पानावर धडाधड आगाऊ ऑर्डरी नोंदवल्या.

मोहिमेचं नाव 'ऑपरेशन रेनफॉल'. त्यांना निन्टेन्डोच्या 'वी' कन्सोलवरचे तीन जपानी आरपीजी, म्हणजे लांबलचक कथेचे, संवादांनी भरलेले रोल-प्लेइंग गेम, हवे होते: 'झेनोब्लेड', 'द लास्ट स्टोरी' आणि 'पँडोराज टॉवर'. काही दिवसांतच निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचं उत्तर आलं: तूर्तास आणायचा विचार नाही.

संवादांचा हा ढीग भाषांतरित करणं परवडत नसेल, असं आपल्याला वाटतं. पण निन्टेन्डोच्याच युरोपीय शाखेने 'झेनोब्लेड'चं इंग्रजी करून घेतलं होतं, ब्रिटिश कलाकारांच्या आवाजासकट! ऑगस्ट 2011 मध्ये तो युरोपात विकलाही जाऊ लागला.

मग घोडं अडलं कुठे? गेम चांगला आहे का, हा प्रश्न प्रकाशकाच्या यादीत बराच खाली असतो. डिस्क किती काढायच्या, दुकानदार किती उचलतील, जाहिरातीवर किती ओतायचे आणि उरलेला माल कुणाच्या गळ्यात पडणार, हे आधी. शिवाय कन्सोलचं वय. त्याच जूनमध्ये पुढच्या कन्सोलची, 'वी यू'ची घोषणा झाली होती; 'वी' उतरणीला लागला होता. आणि निवेदनावर सह्या करणारे सगळेच पैसे मोजत नाहीत, हे प्रकाशक पुरतं ओळखून असतात. ॲमेझॉनवरची ती शक्कल मला म्हणूनच आवडते: पोरं थेट गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभी राहिली.

डिसेंबरमध्ये कंपनीने घोषणा केली आणि 6 एप्रिल 2012 ला 'झेनोब्लेड' अमेरिकेत आला, पण फक्त गेमस्टॉपच्या दुकानांत आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवर. विक्रीच्या जागा मोजक्या, तशी माल पडून राहायची धास्तीही कमी. उरलेले दोन गेम एक्ससीड या छोट्या प्रकाशकाने उचलले. 'द लास्ट स्टोरी' हा तोवरचा त्यांचा सर्वांत यशस्वी गेम ठरला. बड्या कंपनीला किरकोळ वाटणाऱ्या आकड्यावर छोट्या कंपनीचं वर्ष निघतं.

अर्थात भाषांतराचं ओझं खोटं नाही. एक्ससीडनेच फाल्कॉम या जपानी कंपनीचा 'ट्रेल्स इन द स्काय' हा आरपीजी 2011 मध्ये इंग्रजीत आणला. कथा ऐन रंगात येते आणि पहिला भाग संपतो. दुसरा भाग इंग्रजीत यायला 2015 उजाडलं. अशा मालिकेचा एक भाग घेतला, की पुढच्याचं देणं डोक्यावर बसतं.

आणि निन्टेन्डोचाच आरपीजी 'मदर 3'? त्याच्या आधीचा भाग 1995 मध्ये 'अर्थबाउंड' नावाने अमेरिकेत आला होता. मोठं खोकं, सोबत जाडजूड गाइड, जाहिरातीत खरवडून वास घ्यायची कार्डं. खप यथातथाच. 'मदर 3' जपानात आला 2006 मध्ये, तोही गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या जुन्या कन्सोलवर, जेव्हा त्यानंतरचा निन्टेन्डो डीएस बाजारात येऊन दीड वर्ष झालं होतं. चाहत्यांनी 2008 मध्ये स्वतःच त्याचं इंग्रजी केलं. त्या गटाच्या प्रमुख भाषांतरकाराने 2013 मध्ये ते काम निन्टेन्डोला फुकट देऊ केलं. कंपनीने घेतलं नाही.

आता 'मेटाफर: रीफँटाझियो'सारखे गेम जगभर एकाच दिवशी येतात, भाषांतर गेम बनतानाच सुरू झालेलं असतं. पण हे नव्या गेम्सपुरतं. फेब्रुवारी 2024 मध्ये 'मदर 3' निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या कंपनीच्या सेवेवर आला तो फक्त जपानमध्ये, जपानी भाषेतच.