बोट नेमकं कुठे अडतं?

मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, आणि आता मूठ मिटत नाही. हाताच्या थेरपीसाठी येणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी हातात मऊ चेंडू देऊन ‘दिवसातून शंभर वेळा दाबा’ असं सांगणं फार सोपं असतं. माझं म्हणणं एवढंच, की चेंडू देण्याआधी ते बोट कशामुळे अडलंय हे तपासा. अडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. छोट्या दवाखान्याचा खरा फायदा इथेच आहे. दर खेपेला तोच थेरपिस्ट तेच बोट हातात घेतो. आज ते शेवटाला कडक दगडासारखं थांबतंय की रबरासारखं थोडं ताणतंय, हा फरक मागच्या वेळी ते बोट धरलेल्या हातालाच नीट कळतो.

तपासणीला दहा मिनिटं पुरतात. आधी माणसाला स्वतः बोट मिटायला सांगा आणि गोनिओमीटरने प्रत्येक सांध्याचा कोन मोजा. मग तेच बोट तुम्ही हलकेच वाकवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळी सांधा एकाच कोनावर थांबला, तर बहुधा सांधाच आखडलाय. तुम्ही वाकवल्यावर पूर्ण वाकतो, पण त्याला स्वतःला वाकवता येत नाही? मग टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, व्रणाला चिकटलंय, तुटलंय किंवा त्याला ओढणारा स्नायू दुबळा आहे. तुटल्याची शंका आली तर व्यायाम थांबवून लगेच सर्जनकडे पाठवा.

पुढची पायरी बरेचजण गाळतात. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ धरून मधला सांधा वाकवून बघा, मग मुळाचा सांधा वाकवून तेच करा. मूळ सरळ असताना मधला सांधा कमी वाकत असेल, तर तळहातातले छोटे स्नायू आखूड झालेत. मूळ वाकवल्यावर कमी वाकत असेल, तर हाताच्या पाठीवरचं, बोट सरळ करणारं टेंडन अडकलंय.

आता चेंडूचा विचार करा. सांधा आखडला असेल तर चेंडू दाबून तो सुटत नाही. त्याला हलका पण लांबलेला ताण लागतो. स्प्लिंटमध्ये, म्हणजे हाताच्या मापाने बनवलेल्या आधाराच्या पट्टीत, वीस-तीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बोट पांढरं पडलं किंवा ठणकलं तर ताण जास्त झाला. छोटे स्नायू आखूड असतील तर मुळं सरळ ठेवून फक्त वरचे दोन सांधे वाकवायचे, बोटांचा आकडा करायचा. चेंडूवर मूठ आवळताना मुळं वाकतात, म्हणून या स्नायूंना हवा तो ताण मिळतच नाही. टेंडन चिकटलं असेल तर मधलं पेर दुसऱ्या हाताने घट्ट धरून फक्त टोकाचा सांधा वाकवायचा, दर दोन तासांनी दहा वेळा.

यातलं बरंचसं आखडणं टाळता येतं. प्लॅस्टरची तळहाताकडची कड हस्तसामुद्रिकवाले जिला हृदयरेषा म्हणतात तिच्या अलीकडेच संपायला हवी. ती रेष झाकली गेली की बोटांची मुळं वाकूच शकत नाहीत. झोळीत लटकवलेल्या हातात सूज साचते आणि खांदाही धरतो, म्हणून पहिल्या दिवसापासून हात उंच ठेवायचा, बोटं हलवायची आणि हात डोक्यावर नेऊन खाली आणायचा.

स्प्लिंटबद्दल थोडं सविस्तर सांगतो. मनगटासाठी साधारण 3.2 मिलिमीटर जाडीचा थर्मोप्लास्टिक (गरम केल्यावर मऊ होणारं प्लास्टिक) पत्रा घ्या, बोटासाठी 1.6 चा. तो मऊ करायचं पाणी 65 ते 75 अंश सेल्सिअस. पत्रा मऊ झाला की टॉवेलवर टिपून आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, मगच रुग्णाच्या हातावर ठेवा. स्प्लिंटची लांबी कोपराखालच्या हाताच्या दोन तृतीयांश आणि रुंदी घेराच्या निम्मी. करंगळीकडच्या उंच हाडावर गादी लावायची ती साचा घेण्याआधी. स्प्लिंट बनल्यावर आत गादी चिकटवली तर जागा आणखी कमी होते आणि नेमकं तिथेच काचतं. वीस मिनिटं घालून काढा. लाल झालेली जागा पुढच्या वीस मिनिटांत फिकी झाली नाही, तर स्प्लिंट पुन्हा गरम करून तेवढा भाग दुरुस्त करा.

हात स्थिर ठेवायचा असेल तर मनगट 20 ते 30 अंश मागे, बोटांची मुळं 70 ते 90 अंश वाकलेली आणि पुढचे दोन्ही सांधे सरळ. ही स्थिती अवघडलेली दिसते, पण मुळाच्या सांध्याच्या बाजूचे अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारे पट्टे) वाकलेल्या स्थितीतच ताणलेले राहतात. सरळ ठेवले तर ते आक्रसतात आणि मग मूठ मिटत नाही.

शिवलेल्या टेंडनचं गणित मात्र वेगळं आहे. बोट वाकवणारं टेंडन शिवल्यावर थेरपी साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू होते. आधी दुसऱ्या हाताने बोट हळूहळू वाकवून सूज आणि ताठरपणा कमी करायचा, मगच स्वतः हलकं वाकवायचं. सुजलेल्या बोटात टेंडनला घर्षण जास्त होतं आणि शिवणीवर भार येतो. साधारण सहा आठवडे हाताच्या पाठीवरून स्प्लिंट, आणि जोर लावायचं काम बारा आठवड्यांनंतर. धोका चौथ्या-पाचव्या आठवड्यातही असतो, कारण तेव्हा दुखणं गेलेलं असतं आणि माणूस नकळत भरलेली बादली उचलतो. म्हणून ‘जड उचलू नका’ एवढं सांगून भागत नाही. त्याच्या दिवसातली कामं विचारा, आणि त्यातली कोणती कधीपर्यंत बंद हे लिहून द्या.

घरच्या व्यायामाची मात्राही हातच सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट कालच्यापेक्षा जास्त सुजलेलं आणि कमी वाकणारं असेल, तर काल जास्त झालं. मग वेळा निम्म्या करा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा.