पान पिवळं, शिरा हिरव्या: कुंडीत जाणाऱ्या पाण्याची गोष्ट

(दृश्य: अनंताच्या झाडाच्या शेंड्याचं पान, अगदी जवळून)

हे पान नीट बघा. शिरांमधला भाग पिवळा पडलाय, जवळजवळ पांढुरका, आणि शिरांची जाळी मात्र हिरवीगार आहे. आता कॅमेरा खाली येतोय, त्याच फांदीची जुनी पानं बघा, ती व्यवस्थित आहेत. म्हणजे दुखणं फक्त नव्या पालवीला आहे. ऊसवाले शेतकरी अशा पिकाला केवडा पडला म्हणतात. झाडाला लोह मिळत नाहीये, आणि लोह हे एकदा जुन्या पानात बसलं की तिथून उठून नव्या पानात जात नाही, म्हणून उपासमार आधी शेंड्याला दिसते.

बाल्कनीतली ही कुंडी बारा इंची आहे, माती नर्सरीतून आणलेली, शेणखत घातलेलं, वर्षभरात एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) पण दिलंय, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट दिलंय, केळीच्या सालांचं पाणी दिलंय, आणि अंड्याची टरफलं तर अजून वर दिसतायत. खायला काही कमी नाही. तरीपण पान पिवळंच. खळ्यावरच्या बैलाचं होतं ना, पुढ्यात धान्य आणि तोंडाला मुसकं, तशी ह्या झाडाची गत आहे. मुसकं कोणी बांधलं हे शोधायचं तर आपल्याला कुंडी सोडून पाण्याच्या मागे जावं लागेल.

(दृश्य: सोसायटीच्या गेटमधून आत येणारा टँकर, पाइप, भूमिगत टाकी)

पुण्यात ज्या भागात खडकवासल्याचं पाणी पुरेसं येतं तिथे हा त्रास कमी दिसतो, कारण धरणातलं पाणी म्हणजे साठवलेलं पावसाचंच पाणी, ते त्यामानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. पण शहराच्या कडेने ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या तिथे बोअर आणि उन्हाळ्यात टँकर, आणि तो टँकरपण बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी बोअरवरच भरलेला असतो.

ढगातून पडतो तेव्हा पाऊस किंचित आम्लधर्मी असतो, स्वच्छ हवेतसुद्धा त्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, साधारण ५.६ असतो (७ म्हणजे मधोमध, त्याच्या खाली आम्लधर्मी), कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. हे पाणी जमिनीत मुरतं, तिथे मुळं आणि जिवाणू श्वास सोडत असतात म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त, तो पण पाणी उचलतं आणि मग खाली कातळात उतरतं. आपला कातळ म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेला लाव्हा, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. आम्लधर्मी पाणी वर्षानुवर्षं ह्या कातळाच्या भेगांमधून फिरतं, त्याला अगदी हळूहळू खातं, आणि खाता खाता स्वतःचं आम्ल संपवून बसतं. बोअरमधून वर येतं तेव्हा त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. ह्या बायकार्बोनेटचं नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

(दृश्य: गिझरची कॉइल, बादलीच्या कडेचा पांढरा थर, मातीच्या कुंडीवरची पांढरी पावडर)

हे सगळं तेच आहे. पाणी तापलं किंवा वाळलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शियमबरोबर खाली बसतं, म्हणजे चुनखडीच. कुंडीवर आलेल्या ह्या थराला बरेच लोक बुरशी समजून औषध मारतात. थोडा खरवडून घेतला आणि त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की बघा, फेस येतोय. बुरशीला असा फेस येत नाही.

(दृश्य: दोन काचेच्या नळ्या शेजारी शेजारी)

आता ही टेस्ट. फिशटँकवाल्यांच्या दुकानात केएच टेस्ट म्हणून मिळते, ती बायकार्बोनेटचा अंदाज देते, झाडंवाल्यांनी पण घ्यायला पाहिजे असं आमचं ठाम मत आहे. डावीकडे जमवलेलं पावसाचं पाणी, उजवीकडे बोअरचं, दोन्ही पाच पाच मिली. थेंब टाकायचा, हलवायचं, निळ्याचा पिवळा रंग झाला की थांबायचं. पावसाचं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं. बोअरचं... निळं, अजून निळं, दहा झाले तरी निळंच, आणि हे सतराव्या थेंबाला पलटलं. एक थेंब म्हणजे चुनखडीच्या हिशोबात लिटरला जवळपास १८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल जिरवण्याची ताकद, ती मुख्यतः बायकार्बोनेटचीच), म्हणजे हे पाणी तीनशेच्या घरात गेलं.

पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ सालचं, त्यात अल्कलिनिटी दोनशेपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतलीय. म्हणजे माणसासाठी ह्या पाण्यात काही वावगं नाही. कुंडीला मात्र शंभरच्या आतबाहेर बरं असतं, दीडशेच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, कारण शेतातल्या मातीला खोली असते, पाऊस असतो, कुंडीला असतात जेमतेम बारा इंच. साधा हिशोब करा, रोज एक लिटर पाणी, शंभर दिवस, लिटरला तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे एका कुंडीत तीस ग्रॅम चुनखडीइतका माल गेला. झाड पाणी पिऊन हवेत सोडतं, चुना जागेवर राहतो.

बहुतेक जण नुसता पीएच मोजतात आणि तिथेच फसतात. पाण्याचा पीएच ८ असला आणि त्यात बायकार्बोनेट कमी असलं तर माती त्याला सहज पचवते, आणि पीएच ७.५ असूनही बायकार्बोनेट तीनशे असलं तर तेच पाणी महिन्यामहिन्याने मातीला वर ढकलत नेतं. टीडीएसचं पेनपण हे सांगत नाही, ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकत्र अंदाज देतं, त्यात बायकार्बोनेट किती ते कळत नाही.

(दृश्य: ग्लासात माती आणि पाणी ढवळताना)

मातीचा पीएच असा बघायचा. एक भाग सुकी माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि मग मोजायचं, आपल्याकडच्या लॅबमध्ये हेच प्रमाण घेतात. दोन टोकं मातीत खुपसायचे बिनबॅटरीचे मीटर ऑनलाइन खूप विकले जातात, त्यांच्यावर अजिबात विसंबू नका. अनंताच्या कुंडीतली माती आठच्या पुढे दाखवतेय. मातीतल्या बहुतेक कुंड्यांना ६ ते ७ चांगला, अनंत आणि सोनचाफ्यासारख्यांना सहाच्या आसपास. हे एक-दोन आकडे छोटे वाटतात, पण पीएचमध्ये एक आकडा म्हणजे दहापट, आणि लोहाचं गणित तर त्याहून कडक आहे, पीएच एकने चढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं लोह जवळपास हजारपटीने कमी होतं. लोह मातीतच असतं, मुळाशी असतं, फक्त विरघळत नाही. जस्त, मँगनीज यांचंही तसंच, आणि फॉस्फरस कॅल्शियमला चिकटून बसतो.

(दृश्य: कोकणातलं अंगण, तांबडी माती, फुललेला अनंत)

हाच अनंत दापोलीकडे अंगणात बघा. कोणी काही घालत नाही त्याला. जांभ्याची तांबडी माती मुळातच आम्लधर्मी आणि पाऊस इतका की चुना टिकतच नाही. देशावर काळी माती, तिच्यातच चुनखडीचे खडे, आणि वरून बोअरचं पाणी. म्हणून कोकणातल्या मावशींनी सांगितलेला उपाय पुण्यातल्या कुंडीला लागू पडेलच असं नाही, आणि चुन्याची निवळी, चुलीची राख, टरफलं हे तर आपल्या कुंडीत मुळीच नको. ते सगळं पीएच अजून वर नेणारं आहे.

(दृश्य: आरओ मशीनची नळी बादलीत, नंतर गच्चीवरचा सॉफ्टनर)

इथे दोन गोष्टी फार कळकळीने सांगायच्या आहेत. आरओच्या बाजूच्या नळीतून निघणारं पाणी फरशी पुसायला वापरा, फ्लशला वापरा, कुंडीला देऊ नका. मशीनने जे गाळून बाजूला काढलं ते सगळं त्यात एकवटलेलं असतं. दुसरं, सोसायटीत सॉफ्टनर असला तर झाडांचा नळ त्याच्या आधीच्या लाइनवरून घ्या. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि सोडियम घालतो, बायकार्बोनेट तसंच ठेवतो. पांढरा थर यायचा थांबतो म्हणून लोकांना वाटतं पाणी सुधारलं, पण झाडासाठी ते आधीपेक्षा वाईट झालं. आणि पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, अल्कलिनिटी जागची हलत नाही.

(दृश्य: एसीच्या पाइपखाली ठेवलेला कॅन)

हे पाणी घ्या. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ, त्यात क्षार जवळपास नाहीतच. अर्धं हे आणि अर्धं बोअरचं केलं की तीनशेचे दीडशे झाले, एक रुपया खर्च नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर प्रश्नच मिटला.

ते जमत नसेल तर आम्ल. द्राक्षवाले ठिबकमधून ॲसिड सोडतात, पण घरी ती बाटली नको, लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड पुरे. दहा लिटरच्या बादलीला दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे छोटा अर्धा चमचा, नीट ढवळायचं, पीएच बघायचा, ६.५ ला आला की थांबायचं. अंदाजे ओतत बसू नका, माती साडेपाचच्या खाली गेली तर मँगनीज आणि ॲल्युमिनियम मुळांना बाधतं. आणि लिंबूसत्त्वाचा परिणाम टिकत नाही हेही ऐकून ठेवा, मातीतले जिवाणू ते खाऊन संपवतात आणि गाडी परत वर सरकते. टिकाऊ काम गंधकाचं. कृषी सेवा केंद्रात ८० टक्के गंधकाची पावडर मिळते, बारा इंची कुंडीला अर्धा चमचा, वरच्या मातीत मिसळून ओलावा ठेवायचा. जिवाणू त्याचं सावकाश आम्ल करतात, थंडीत तर फारच सावकाश, तेव्हा आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून दुसरा चमचा घालू नका.

(दृश्य: दोन पुड्या, एक हिरवट, एक गडद लालसर)

हिरवी ती हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. आठ पीएचच्या मातीत नुसती टाकली तर ती थोड्याच दिवसात अडकते, तपकिरी होऊन बसते. शेतकरी ती शेणखतात मुरवून देतात, तीच पद्धत घ्या, किंवा लिटरला दोन-तीन ग्रॅम आणि थोडं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा, फरशीवर मात्र सांडू देऊ नका, डाग जात नाहीत. लाल आहे ते चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून विरघळतं ठेवलेलं, त्या रसायनाचं नाव पुडीवर ईडीडीएचए असं लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए स्वस्त पडतं पण मातीचा पीएच साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देतं. ईडीडीएचए नऊपर्यंत टिकतं. लिटरला अर्धा ग्रॅम, ओल्या मातीत.

(दृश्य: तीच फांदी, नवीन पालवी)

ही पालवी उपचारानंतरची. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका, नव्याकडे बघा.

खताबद्दल थोडक्यात. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असली तर नत्र कमी. जुन्या पानात शिरांमधून पिवळं असेल तर मॅग्नेशियम, तिथे एप्सम सॉल्ट बरोबर आहे. देशावरच्या कुंडीला नत्र द्यायचं तर अमोनियम सल्फेट, ते पीएच खाली आणतं, कॅल्शियम नायट्रेट वर नेतं. विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, आणि आधी साधं पाणी देऊन मगच, कोरड्या मातीत खत दिलं की मुळं भाजतात. अधूनमधून भोकातून पाणी वाहून जाईल इतकं द्या आणि बशीतलं ओतून टाका. हे काहीच केलं नाही तर क्षार साठत जातात, पानांच्या कडा करपतात आणि झाड जातं.

(दृश्य: कृषी विज्ञान केंद्राची प्रयोगशाळा, बाटल्यांवर लेबलं)

कुठे तपासायचं, तर जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विभागाची माती परीक्षण प्रयोगशाळा, राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतही सोय आहे. मातीचा अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून न्या, आणि पाणी स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, त्याच दिवशी. फॉर्मवर नुसतं पीएच-ईसी (ईसी म्हणजे एकूण क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता) लिहू नका, पाण्याच्या रकान्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असं स्पष्ट लिहा, आणि टँकर बदलला की नमुना पुन्हा द्या.