तिसऱ्या खुर्चीचं काम

नमस्कार मंडळी. जुन्या जंबो विमानात पुढे तिघं बसत. दोन वैमानिक, आणि त्यांच्या मागे भिंतभर काट्यांकडे तोंड करून फ्लाइट इंजिनिअर. इंधन, तेल, वीज, हवेचा दाब, सगळं तो बघे. १९८९ साली सेवेत आलेल्या नव्या जंबोत, बोइंग ७४७-४०० मध्ये, त्याची खुर्ची गेली. खुर्ची गेली, काम राहिलं. हे ध्यानात ठेवा आणि माझी लाँचची गोष्ट ऐका.

लहानपणी दाभोळहून खाडीपलीकडे धोपाव्याला आम्ही लाँचने जायचो. वर सुकाणूवर सारंगकाका, खाली इंजिनपाशी ड्रायव्हर. खालच्याला बाहेरचं दिसत नाही, वरच्याच्या हातात इंजिन नाही. मधे एक दोरी आणि घंटा. एक टोला पुढे, दोन बंद, तीन मागे. एकदा भरतीच्या जोरात धक्का अंगावर आला, काकांनी दोरी ओढली, ती तुटून हातातच! "पोरा, सांग त्याला, मागे घे!" मी खाली डोकं घालून बोंबललो. ड्रायव्हरने नुसता कानामागे हात नेला. मग मी शेजारच्या आजीच्या टोपलीतलं पितळी झाकण उचललं आणि लोखंडी शिडीवर तीनदा हाणलं. लाँच थरथरत मागे सरली, धक्क्याला जेमतेम घासली. झाकणाला पोचा आला म्हणून आजीने मला धक्काभर शिव्या घातल्या.

पुढे इंजिनाचा दांडा वर काकांच्या हाताशी आला, ड्रायव्हर उतरला. पण तेलाचा काटा खालीच राहिला! काका दर फेरीला कुणातरी पोराला पिटाळायचे, "जा, काटा बघून ये."

विनावाहक एसटीचंही तेच. तिकीट आधी फाडतात, पण म्हातारीची टोपली कोण चढवणार? मला ती गाडी आवडत नाही, स्पष्ट सांगतो.

तर, खुर्ची गेली, काम राहिलं. ७४७-४०० मध्ये काटेही वर आणले, पडद्यावर. आधी दिवे, काटे, बटणं मिळून ९७१ होती, ती ३६५ झाली. सगळं ठीक तर दिवे विझलेले. बिघडलं तर यंत्रच सांगतं, तातडीचं लाल अक्षरांत, त्याखालचं पिवळ्या.

आता दोघांचा एक करायची चर्चा चालू आहे. पण दुसऱ्या वैमानिकाचं बरंचसं काम म्हणजे पहिल्यावर नजर ठेवणं. तो चुकतोय का, पेंगतोय का. तो काटा पडद्यावर कसा आणायचा, तिथे घोडं अडलंय. नमस्कार.