रँडम निवड आणि रँडम वाटप: प्रोजेक्टमध्ये नेमकी गल्लत कुठे होते?

नमस्कार. मानसशास्त्राच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारं वाक्य: "आम्ही रँडम पद्धतीने १२० विद्यार्थी निवडले." व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) विचारलं, यादी कुठून घेतलीत? तर कळतं, कँटीनमध्ये जे भेटले त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले. हा सोयीचा नमुना झाला. तो घ्यायला हरकत नाही, पण त्याला रँडम म्हणू नका.

रँडम म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी. त्यासाठी आधी पूर्ण यादी लागते. समजा, कॉलेजात १२०० विद्यार्थी आहेत. ऑफिसमधून सगळे रोल नंबर घ्या, एक्सेलमध्ये टाका आणि शेजारच्या कॉलममध्ये रँड फॉर्म्युला, म्हणजे =RAND(), ओढा; तो प्रत्येक नावापुढे एक रँडम आकडा देतो. आता लगेच ते आकडे कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज' करा, कारण शीटमध्ये काहीही बदललं की रँडचे आकडे पुन्हा बदलतात आणि तुमची निवड परत तपासता येत नाही. मग त्या कॉलमनुसार सॉर्ट करून वरचे १२० घ्या. त्यातला कोणी गैरहजर असेल, तर शेजारच्या बाकावरचा मित्र चालणार नाही. जो गैरहजर होता त्यालाच पुन्हा गाठा. नाहीच सापडला, तर तशी नोंद करा.

प्रत्येक वर्षाचं प्रमाण नेमकं राखायचं असेल तर स्तरित नमुना घ्या, म्हणजे आधी वर्षानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटातून त्याच प्रमाणात निवडा. पहिल्या वर्षाला ६००, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला २०० असतील, तर अनुक्रमे ६०, ४० आणि २०, आणि प्रत्येक वर्षात वरचीच पद्धत. यादीतला दर दहावा घेणं सोपं वाटतं, पण यादी आधी नीट बघा. मुलगा-मुलगी असे एकाआड एक नंबर असतील, तर दर दहाव्याला सगळे मुलगे तरी येतील, नाहीतर सगळ्या मुली.

आता सगळ्यात मोठी गल्लत: रँडम वाटपालाच रँडम निवड समजणं. १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग घ्या, ज्यात तरुणांना खोट्या तुरुंगात पहारेकरी आणि कैदी बनवून त्यांचं वागणं पाहिलं. वर्तमानपत्रात जाहिरात आली: तुरुंगातल्या जीवनाच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी कॉलेजचे तरुण हवेत, रोज १५ डॉलर. सुमारे ७५ जणांनी प्रतिसाद दिला, त्यातून २४ निवडले. पहारेकरी कोण आणि कैदी कोण, हे मात्र रँडम ठरवलं. हे झालं रँडम वाटप. त्याने दोन गट साधारणपणे एकमेकांसारखे होतात. पण हे तरुण एकूण तरुणांसारखे होते का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. कार्नाहन आणि मॅकफारलंड या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तशीच जाहिरात दोन प्रकारे दिली, एकीत 'तुरुंगातलं जीवन' हे शब्द ठेवले, दुसरीत काढले. तुरुंगाची जाहिरात वाचून आलेल्यांमध्ये आक्रमकता आणि हुकूमशाही वृत्तीचे गुण जास्त निघाले, सहानुभूतीचे कमी. म्हणजे जाहिरातीतल्या दोन शब्दांनी माणसं आधीच चाळून घेतली होती! माझ्या मते नमुना निवडीच्या तासाला शिकवावं असं याहून चांगलं उदाहरण नाही.

तुमच्या पोस्टरलाही हे लागू आहे. 'चिंता आणि नैराश्यावर अभ्यास' असं लिहिलंत, की ज्यांना तो त्रास आहे तेच जास्त येणार. पोस्टरवर 'विद्यार्थ्यांची दिनचर्या आणि मनःस्थिती' एवढंच लिहा. संमतीपत्रात मात्र विषय, लागणारा वेळ आणि मधूनच बाहेर पडण्याचा हक्क पूर्ण सांगा. आणि रिपोर्टमध्ये किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, किती मध्येच सोडून गेले, हे तिन्ही आकडे द्या.